वॉशिंग मशीनचं बेअरिंग आणि तासाचा विक्रम

सायकलच्या शर्यतींमध्ये ‘तासाचा विक्रम’ हा सर्वांत साधा आणि सर्वांत निर्दय प्रकार. ट्रॅकवर एकट्यानं तासभर सायकल हाणायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायची सोय इथे नाही. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेरनं मेक्सिको सिटीत ५१.१५१ किलोमीटर अंतर कापलं. त्याच्या दिमतीला तज्ज्ञांचा ताफा आणि खास बनवलेली भरीव चाकं होती. शिवाय ते शहर २,२०० मीटरहून उंचावर असल्यानं तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक विरळ. मोझेरचा हा आकडा नऊ वर्षं कुणालाही हलवता आला नाही. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामार इथे, सखल भागातल्या दाट हवेत, ग्रेम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूनं तो मोडला. ५१.५९६ किलोमीटर. आणि ज्या सायकलवर मोडला ती त्यानं स्वतःच्या हातानं, घरच्या साधनांवर बनवली होती.

ओब्रीचं सायकलचं दुकान बुडालेलं होतं, डोक्यावर कर्ज होतं. पैसे नव्हते म्हणून त्यानं मिळेल त्या भागांतून सायकल जुळवली, असं ही कथा सांगताना हमखास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. खिशात पैसे असते तरी त्याला हवी ती सायकल बाजारात मिळाली नसती, कारण तशी सायकल कुणी बनवतच नव्हतं. कारखाने आधी फ्रेम ठरवत आणि मग माणसाला तिच्यावर बसवत. ओब्रीनं आधी शरीर कसं बसेल ते ठरवलं आणि त्याच्याभोवती नळ्या आखल्या. घरच्या कारखान्याचं खरं बळ या उलट्या क्रमात आहे.

ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला सपाट ट्रॅकवर सायकलस्वाराची सुमारे ९० टक्के ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. मोझेर आणि ओब्री यांच्या विक्रमांत फरक ४४५ मीटरचा, एक टक्क्याहूनही कमी. पण त्याच हवेत आणि त्याच आसनात तेवढा वेग वाढवायचा तर शक्ती अडीच टक्क्यांहून जास्त वाढवावी लागते. आधीच जीव तोडून पायडल मारणाऱ्या माणसाकडे हे अडीच टक्के शिल्लक नसतात. उरतो एकच मार्ग, हवेपुढे येणारा आकार लहान करायचा. त्या आकारात मोठा वाटा माणसाचा असतो, सायकलचा त्या मानानं थोडा. म्हणून ओब्रीनं हँडल अरुंद करून थेट छातीखाली आणलं, हात कोपरात पूर्ण दुमडले आणि धड त्यांच्यावर टेकवल्यागत पुढे झुकवलं. एरवी वाऱ्यात उघडे राहणारे हात अंगाच्या आडोशाला गेले.

त्याची दुसरी कल्पना पायांविषयी होती. पळताना आपली पावलं जवळजवळ एका रेषेत पडतात. सायकलवर मात्र मध्ये बीबीचं (बॉटम ब्रॅकेटचं), म्हणजे पायडलच्या आसाचं, नळकांडं येतं, दोन्ही बाजूंना क्रँक येतात आणि पाय फाकतात. नेहमीच्या फ्रेमवर हे नळकांडंच ६८ मिलिमीटर रुंद असतं. दोन पायांमध्ये एका केळ्याच्या रुंदीइतकंच अंतर असावं, असं ओब्रीचं म्हणणं होतं. बाजारातला कुठलाच बीबी त्यात बसेना. मग त्यानं वॉशिंग मशीनमधली बेअरिंग वापरली. ज्या बेअरिंगवर कपड्यांचा ड्रम मिनिटाला १,२०० फेरे घेतो, ती चांगलीच असणार, हा त्याचा तर्क.

तर्क देखणा आहे, पण फायदा झाला तो दुसऱ्याच कारणानं, असं मला वाटतं. पायडल मिनिटाला शंभरच्या आसपास फिरतात आणि चांगल्या बेअरिंगमध्ये वाया जाणारी ताकद एक टक्काही नसते. तिथे वाचवण्यासारखं फार काही नव्हतंच. साध्या बीबीमध्ये वाट्या, कोन, सुटे छर्रे आणि वाट्यांसाठी आटे पाडलेलं नळकांडं लागतं. वॉशिंग मशीनचं बेअरिंग बंद, तयार आणि आटोपशीर असतं. नेमक्या मापाचं घर केलं की ते दाबून बसवता येतं. ओब्रीला हवा होता अरुंदपणा, आणि तो या बेअरिंगनं दिला.

एक बदल केला की दुसरा करावाच लागतो. पाय जवळ आले तसे गुडघे फ्रेमच्या आडव्या नळीवर आपटणार. म्हणून ओब्रीनं आडवी नळीच काढून टाकली! डबलसीट जाताना ज्या नळीवर आपण पोरांना बसवतो, तीच. जॉन केंप स्टार्लीच्या १८८५ च्या ‘रोव्हर’पासून सायकलची फ्रेम त्रिकोणांच्या आकाराकडे वळली आणि आडव्या नळीशिवाय पुढचा त्रिकोण उरतच नाही. त्रिकोण मोडला की सगळा पीळ एकट्या तिरक्या नळीवर येतो. पातळ नळीचा ताठपणा साधारणपणे तिच्या व्यासाच्या घनावर आणि जाडीवर अवलंबून असतो. वजन तेवढंच ठेवून व्यास १० टक्क्यांनी वाढवला आणि पत्रा त्या मानानं पातळ केला, तर ताठपणा सुमारे २१ टक्के वाढतो. हे कुठवर ताणायचं? पत्रा इतका पातळ झाला की साध्या धक्क्यानं पोचा येतो, तिथवर. पुढच्या चाकाचा चिमटाही ओब्रीनं एकाच पायाचा केला, कारण रुंदी तिथेही नको होती.

अशी फ्रेम घरी जोडता येते ती पितळी सळीच्या झाळकामामुळे, म्हणजे ब्रेझिंगमुळे. स्टील वितळायला १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, पितळी सळी ९०० अंशांच्या आसपासच वितळते. त्यामुळे नळी शाबूत राहते आणि पितळ सांध्यात उतरतं. सगळी मेहनत त्याआधीची असते. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईला चपखल बसेल असं कानशीनं घासायचं, मधून उजेड दिसला तर पुन्हा घासायचं. मग सांधा स्वच्छ ठेवणारा फ्लक्स लावून ज्योत फिरवत ठेवायची. आधी फ्लक्स पांढरा फुगतो, पुढे काचेसारखा पारदर्शक होतो. नळी लालसर दिसू लागली की सळी टेकवायची. पितळ उष्णतेकडे धावतं, ज्योत नेऊ तिकडे जातं आणि फटीत आपोआप शोषलं जातं. जास्त तापवलं तर पितळातलं जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर ताप भरतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावं. आपल्याकडे गॅस वेल्डिंगवाले तुटलेला सांधा पितळी सळीनंच जोडून देतात. हे कौशल्य गावोगाव आहे, त्याच्याकडे आदरानं पाहायची सवय तेवढी नाही.

घरी सायकल बनवणारे सगळ्यात जास्त फसतात ते पुढच्या टोकाला. हँडलच्या नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. सामानाच्या ट्रॉलीचं चाक जसं आपल्या खिळीच्या मागे ओढलं जातं आणि सरळ होतं, तसंच इथेही होतं. नळीचा कोन ७३ अंश, चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि चिमट्याचा पुढे झुकाव ४५ मिलिमीटर असेल, तर ट्रेल येतो सुमारे ५७. कोन एका अंशानं कमी केला तर ६३. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायच्या हट्टानं काही सायकली घडवल्या आणि १९७० मध्ये ‘फिजिक्स टुडे’त त्यावर लेख लिहिला. चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम रद्द करूनही सायकल चालवता आली. पुढचं चाक चार इंच पुढे ढकलून ट्रेल उलटा केला, तेव्हा मात्र ती सांभाळणं महाकठीण झालं. तरी ट्रेल म्हणजे सर्वस्व नव्हे. २०११ मध्ये डच आणि अमेरिकी संशोधकांनी ट्रेल आणि भोवरा या दोन्हींच्या आधाराशिवाय आपोआप तोल सांभाळणारी सायकल करून दाखवली. इतकं जुनं यंत्र आणि त्याचं गणित अजून पुरतं उलगडलेलं नाही, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

हामारला ओब्रीचा पहिला प्रयत्न १६ जुलैला फसला. त्या दिवशी तो आपल्या सायकलच्या जास्त सफाईदार नकलेवर बसला होता. रात्री त्यानं मुद्दाम भरपूर पाणी प्यायलं, म्हणजे लघवीसाठी वारंवार जाग येईल आणि दर वेळी आखडलेले स्नायू ताणता येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः घडवलेली ‘ओल्ड फेथफुल’ घेऊन उतरला. विक्रम टिकला सहाच दिवस. २३ जुलैला त्याचा प्रतिस्पर्धी ख्रिस बोर्डमन यानं ५२.२७० किलोमीटर कापले. एप्रिल १९९४ मध्ये ओब्रीनं ५२.७१३ करून तो परत घेतला.

त्याच वर्षी पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं त्याचं आसन नियमबाह्य ठरवलं आणि त्याला बाद केलं. त्यानं हात पुढे ताणलेलं नवं आसन शोधलं आणि १९९५ मध्ये बोगोटाला तो परस्यूट (पाठलागाच्या शर्यतीच्या) प्रकारात जगज्जेता झाला. मग तेही बंद झालं. यंत्रापेक्षा माणूस मोठा राहावा, हा महासंघाचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण तो ओब्रीला लावणं अन्यायाचं होतं. एका माणसानं आपल्या शरीराचं निरीक्षण करून हातानं जे घडवलं, त्यात यंत्राचा कसला आलाय विजय? २०१३ मध्येही त्यानं स्वयंपाकघरात बनवलेल्या, पालथं झोपून चालवायच्या सायकलवर अमेरिकेतल्या बॅटल माउंटन इथे ताशी ९१ किलोमीटर वेग गाठला.

तुम्हाला घरी सायकल बनवायची असेल तर जरूर बनवा. आधी भंगारातल्या नळ्यांवर झाळकाम करा, सांधे आडवे कापून पितळ आतपर्यंत पोचलंय का ते बघा. फ्रेमचा पूर्ण मापाचा आराखडा भिंतीवर काढा. जोडून झाली की मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा आणि सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते सारखं भरलं तर फ्रेम सरळ आहे. चिमटा मात्र पहिल्या सायकलीला विकतच घ्या. फ्रेमचा सांधा निकामी होताना बऱ्याचदा आधी तडा दिसतो, चिमटा तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.