गाडी लागते म्हणून घरी राहू नका. पण गोळी जाणून घ्या

सोलापूरचा मुलूख सपाट. बार्शीला जा, पंढरपूरला जा, नाहीतर अक्कलकोटला. रस्ता सरळ, पोटातले पाणी हलत नाही. पण २० मार्चला महाडला निघालेली गाडी पुणे मागे टाकून वरंधा किंवा ताम्हिणी घाटात शिरली की गाडीतली गाणी थांबतात आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची शोधाशोध सुरू होते. एकाला उलटी झाली की शेजारच्या चौघांना मळमळू लागते.

एसटीने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्म्यावर आणले. तरीही "मला गाडी लागते, तुम्ही जाऊन या" असे म्हणून घरी राहणाऱ्या आई-मावश्या आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना मेडिकलमधून कसलीतरी गोळी आणून देणाऱ्या घरच्यांसाठी ही माहिती देत आहोत.

गाडी का लागते?

हा पोटाचा आजार नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. गाडी वळली की नळ्यांतला द्रव हलतो आणि "शरीर वळते आहे" अशी बातमी मेंदूला जाते. डोळे मात्र समोरच्या सीटकडे किंवा मोबाईलकडे लागलेले, ते सांगतात, "सगळे स्थिर आहे." दोन साक्षीदार दोन बोली बोलले की मेंदू गोंधळतो. मग घाम, जांभया, तोंडाला पाणी सुटणे आणि उलटी.

ही गोळी आली कोठून?

१९४७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्सच्या दवाखान्यात एका बाईला अंगावरच्या पित्ताच्या गांधींसाठी नवे औषध दिले होते. गांधी बऱ्या झाल्याच. पण त्या बाईंच्या ध्यानात आले की, नेहमी ट्रामने येताना होणारी मळमळही थांबली आहे. डॉ. गे व डॉ. कार्लिनर यांनी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. १९४८ मध्ये सैनिकांना युरोपात नेणाऱ्या जहाजावर त्यांनी औषधाची परीक्षा घेतली. काहींना खरी गोळी, तर काहींना नुसती दिखाऊ. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना बोट लागली. ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. आपल्याकडे जास्त ओळखीची 'अॅव्होमिन' याच घराण्यातली. तिच्यात प्रोमेथाझीन असते. या घराण्याला अँटिहिस्टामिन म्हणतात.

प्रत्येक उलटीची गोळी गाडीची नव्हे

जुलाब-उलट्यांत डॉक्टर ओंडान्सेट्रॉन देतात. ते चांगले औषध आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा उपयोग होत नाही. सर्दी-खाजेची सेटिरिझीनही अँटिहिस्टामिनच. परंतु ती मेंदूत फारशी शिरत नाही, म्हणून घाटात कामाची नाही. जुनी औषधे मेंदूत शिरतात, म्हणूनच मळमळ थांबवतात आणि म्हणूनच झोपही आणतात. गुण आणि दोष एकाच मुळाचे आहेत.

केव्हा घ्यावी?

उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर पडते. डायमेनहायड्रिनेट निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. प्रोमेथाझीन एक-दोन तास आधी घ्यावी. पहाटे निघायचे असेल तर आदल्या रात्री झोपताना. ज्यांना फक्त घाटातच त्रास होतो, त्यांनी पुण्याच्या अलीकडे गाडी चहाला थांबते तेव्हा गोळी घेतली तरी चालते. किती घ्यायची हे पाकिटावर वाचावे किंवा दुकानातल्या फार्मासिस्टला विचारावे. गुण आला नाही म्हणून लगेच दुसरी घेऊ नये.

कोणी सांभाळावे?

दोन वर्षांखालील बाळाला प्रोमेथाझीन मुळीच देऊ नये. श्वास मंदावून बाळ दगावू शकते. एवढ्या लहान बाळांना गाडी सहसा लागतही नाही. बाळ प्रवासभर शांत झोपावे म्हणून कोणी गोळीचा तुकडा चमच्यात विरघळवून देऊ नये. मोठ्या मुलांना डॉक्टरांनी वजन पाहून सांगितले तेवढेच द्यावे.

गाडी चालवणाऱ्याने गोळी घेऊ नये. रात्रीच्या गाडीने परतून सकाळी थेट यंत्रमागावर किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्यांनीही सावध राहावे. प्रोमेथाझीनची गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळते आणि चालत्या यंत्राला दया नसते. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर ती घातक आहे.

काचबिंदू, लघवी अडणे, दमा किंवा फिट येणे असा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आजी-आजोबांना या गोळीने भ्रम होऊ शकतो, तोलही जाऊ शकतो. त्यांना एसटीतून उतरवताना हात धरावा. गरोदर भगिनींनी मनाने गोळी घेऊ नये. त्यांच्या मळमळीवर डॉक्सिलामाइन हे याच जातीचे औषध जीवनसत्त्व ब-६ बरोबर देतात, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने.

गोळीवाचून काय करावे?

पुष्कळांना गोळीची गरजच पडत नाही. पुढच्या बाजूची, चाकापासून दूरची जागा घ्यावी. खिडकी उघडी ठेवून लांबच्या डोंगराकडे पाहावे. म्हणजे डोळे आणि कान एकच बातमी देतात. घाटात मोबाईल आणि वाचन बंद. निघताना भाकरी-चटणीसारखे हलके खावे. अगदी उपाशी किंवा वडा-भज्यांनी पोट भरून निघू नये. लिंबू हुंगणे, आल्याचा तुकडा किंवा आवळ्याची सुपारी चघळणे यात अपाय नाही. बरे वाटले तर करावे.

गाडीतून उतरल्यावरही उलट्या थांबत नसतील, डोके फार दुखत असेल, उलटीत रक्त दिसले, हातापायातली शक्ती गेली किंवा मूल निपचित पडून लघवी करत नसेल, तर "गाडी लागली असेल" म्हणत बसू नये. सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठावे.

पुढच्या प्रवासाला घरातली कोणी मागे राहत असेल, तर तिला हा मजकूर वाचून दाखवा. खिडकीची जागा तिला द्या आणि तिला बरोबर घेऊनच निघा.