बिडाचा तवा की ॲल्युमिनियमचे पातेले? निवड पदार्थ पाहून करावी

बेंगळुरू : स्वयंपाकघरात बिडाची भांडी ठेवावीत की ॲल्युमिनियमची, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. डोसा, घावन, भाकरी यांसारख्या तव्यावरच्या पदार्थांसाठी बीड सरस ठरते. भात, दूध किंवा कुकरमधील डाळ यांसाठी ॲल्युमिनियम सोयीचे. मात्र चिंच, टोमॅटो, कोकम किंवा ताक घातलेला पदार्थ यांपैकी कोणत्याही भांड्यात साठवून ठेवू नये, हा नियम दोन्ही धातूंना सारखाच लागू आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितले आहे. चटणी, सांबार यांसारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत साठवणे असुरक्षित असल्याचे त्यात नमूद आहे. सांबार, सारू आणि बिसी बेळे भात हे नित्याचे पदार्थ असलेल्या बेंगळुरूत या सूचनेला विशेष महत्त्व आहे.

उष्णतेचे गणित

ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, तर बिडाची सुमारे ७.२ ग्रॅम असते. त्यामुळे एकाच आकाराचे व जाडीचे बिडाचे भांडे अडीच पटीहून अधिक जड भरते. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता बिडाच्या सुमारे चौपट आहे. ते लवकर आणि सर्वत्र सारखे तापते, तसेच लवकर निवते. बीड सावकाश तापते. परंतु तेवढ्याच जाडीत सुमारे एक तृतीयांश अधिक उष्णता धरून ठेवते. गार पीठ पडले तरी तव्याचे तापमान एकदम उतरत नाही आणि डोसा कुरकुरीत होतो, त्याचे कारण हेच.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजण्यास मुंबईपेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणूनच येथे प्रेशर कुकरची गरज अधिक भासते आणि वजनाला हलका असलेला ॲल्युमिनियमचा कुकर अनेक घरांत दिसतो. इंडक्शन शेगडीवर मात्र बीड थेट चालते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला त्यासाठी चुंबकीय पोलादाचा तळ असावा लागतो.

लोहाचा लाभ, त्याची मर्यादा

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या, विशेषतः ओलसर व आंबट अन्नात लोह उतरते. इथिओपियातील लहान मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोखंडी व ॲल्युमिनियमच्या भांड्यांची तुलना करण्यात आली. वर्षभरानंतर लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांच्या हिमोग्लोबिनमधील वाढ दर डेसिलिटरला सरासरी १.३ ग्रॅमने अधिक आढळली.

तरीही कढई हे औषध नव्हे. रक्तक्षय असल्यास तपासणी आणि वैद्यकीय उपचार आवश्यकच आहेत. थॅलेसेमियासारख्या विकारांत शरीरात लोह साठत असल्यास बिडाच्या भांड्यांबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ॲल्युमिनियमची भीती कितपत खरी?

अन्नातून पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग शरीरात शोषला जातो आणि निरोगी मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम ही सहनीय मर्यादा ठरवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १२० मिलिग्रॅम होते. भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र सावध राहावे.

खरा धोका भेसळयुक्त धातूत असू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये आयात केलेल्या काही भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असा इशारा दिला. त्यात ॲल्युमिनियम व पितळेबरोबरच ‘हिंडालियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूचाही उल्लेख होता. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असून त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. ते चवीवरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही. त्यामुळे वजनावर मिळणारी, निर्मात्याचे नाव नसलेली भांडी टाळणे श्रेयस्कर. केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी आदेश काढून स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. खरेदी करताना ते चिन्ह पाहावे.

निगा महत्त्वाची

बिडाचे भांडे धुतल्यावर लगेच कोरडे करून तेलाचा हलका हात फिरवावा. तापलेल्या तेलाचा पातळ थर धातूवर घट्ट बसला की गंज रोखला जातो आणि पदार्थ चिकटत नाही. बीड ठिसूळ असल्याने आपटले किंवा तापलेले असताना गार पाणी पडले, तर तडकू शकते. ॲल्युमिनियमचे भांडे तारेच्या घासणीने खरवडू नये. खड्डे पडलेले, झिजलेले भांडे बदलावे. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांवरील ऑक्साइडचा कठीण थर आंबट पदार्थांना अधिक दाद देत नाही; पण तो खरवडला गेल्यास हा फायदा उरत नाही.

एकच भांडे घ्यायचे असेल, तर घरात रोज काय शिजते हे आधी पाहावे. आमटी, सांबार आणि कढी स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात करावी, तव्यासाठी बीड घ्यावे आणि ॲल्युमिनियम बिनआंबट पदार्थांसाठी राखून ठेवावे.