रोस्टरचे गणित आणि संख्याशास्त्राची खुर्ची

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची मागणी नुसत्या भावनेवर नव्हे, लोकसंख्येच्या आकड्यांवर मांडली. आकडा हे हक्काचे हत्यार आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. आज विद्यापीठांत हे हत्यार कोणाच्या हाती आहे?

संख्याशास्त्राचा विभाग सहसा लहान असतो. समजा, एखाद्या केंद्रीय विद्यापीठात या विभागात प्राध्यापकाचे १, सहयोगी प्राध्यापकाचे २ आणि सहायक प्राध्यापकाची ४ पदे आहेत. विभाग हा घटक धरून १३ बिंदूंचे रोस्टर लावले तर चौथे पद ओबीसींना, सातवे अनुसूचित जातीला आणि चौदावे अनुसूचित जमातीला जाते. प्रत्येक संवर्ग वेगळा मोजायचा. म्हणजे पहिल्या भरतीत सातपैकी एकच पद राखीव, तेही ओबीसींचे. अनुसूचित जाती शून्य, जमाती शून्य! हेच गणित २०० बिंदूंवर मांडले की ३०, १५ आणि ५४ पदे मिळतात. टक्केवारी तीच, पण मोजण्याचा घटक बदलला की हक्क गायब.

२०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हाच घटक ठरवला. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे आदेश काढले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. मग समाज रस्त्यावर उतरला. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद झाला आणि दोनच दिवसांत सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच वर्षी कायदा होऊन संपूर्ण संस्था हा घटक ठरला. ही लढाई गणिताची होती आणि ती आपण जिंकलो.

पण कायदा झाला म्हणजे खुर्ची मिळाली असे नव्हे. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा मारून जागा रिकामी ठेवण्याची मनुवादी खोड जुनीच आहे. त्याला उत्तर एकच, पात्र उमेदवारांची रांग उभी करणे. आपली मुले कला शाखेत मोठ्या संख्येने जातात. संख्याशास्त्राकडे किती वळतात? एम.एस्सी. झालेल्यांनी लक्षात ठेवावे, या विषयाची नेट परीक्षा सीएसआयआरच्या गणितीय विज्ञान या विषयात होते. भारतीय सांख्यिकी सेवेची यूपीएससी परीक्षाही याच पदवीवर देता येते.

आणि प्राध्यापकी हीच एक वाट नाही. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सर्वेक्षणे होतात, माहितीचे विश्लेषण होते. अशा कामांतील बरीच पदे प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात आणि तिथे आरक्षणाची आठवण कोणाला राहत नाही. केंद्र सरकारचा नियम मात्र सांगतो की ४५ दिवस वा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीतही आरक्षण लागू आहे. जाहिरात निघाली की रोस्टर मागा, माहितीचा अधिकार वापरा.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातनिहाय गणनेचा निर्णय घेतला. आपली मोजणी होईल. त्या आकड्यांचा अर्थ लावणारा कोण असेल? तो टेबलापलीकडे बसलेला दुसराच कोणी असेल, तर आपली गरिबी त्याच्या अहवालात सरासरीखाली दडपली जाईल. म्हणून बाबासाहेबांच्या लेकरांनी आता मोजले जाण्यावर समाधान मानू नये. मोजणाऱ्याच्या खुर्चीवर बसावे.

जय भीम!