धारवाड : एक विद्यानगरी

स्पेन देशात सालामांका नावाचे जुने विद्यानगर आहे. तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव कामात कवटीवर बसलेला एक बेडूक आहे. तो आपल्या आपण शोधून काढणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, अशी तेथे समजूत! हे वाचताना आमच्या मनात आले, की हुबळीपासून वीस किलोमीटरांवरील विद्यानगरी तरी आम्ही कधी नीट पाहिली? म्हणून विद्यार्थ्यांसह आम्ही धारवाडास गेलो.

प्रथम कर्नाटक कॉलेज. १९१७ साली निघालेल्या या कॉलेजची भव्य इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेच्या मुख्य कचेरीची. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेत मिळाली, मुख्य कचेरी मद्रासेस गेली, आणि जेथे आगगाड्यांचे हिशेब होत तेथे पुढे विद्येचे पाठ सुरू झाले. त्या काळी येथील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. कर्नाटक विद्यापीठ १९४९ च्या कायद्याने मुंबईतच जन्मले आणि १९५० साली धारवाडास आले. टेकडीवरील त्याचा विस्तार मुख्यतः कुलगुरू डी. सी. पावटे यांच्या कारकिर्दीत (१९५४ ते १९६७) झाला.

कॉलेजच्या पायऱ्यांवर एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, कन्नड मुलखात मराठी शिकून आम्हांस काय उपयोग?" प्रश्न आम्हांस झोंबला. घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड, अशी आमची स्वतःचीही त्रेधा असते. आम्ही उत्तर न देता सर्वांस साधनकेरीस नेले. तेथे द. रा. बेंद्रे राहत. त्यांची घरची भाषा मराठी, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. पण काव्य कन्नडात, आणि त्यासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार! याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवीत, अवतीभवती कन्नड ऐकत, आणि कथा लिहीत मराठीत. त्यांच्या 'काजळमाया'स साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

परतताना पेढ्यांचा पुडा फुटला आणि गप्पा रंगल्या. तो विद्यार्थी मात्र गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रंथालयात 'काजळमाया' मागितले. त्याच्या वयास ते जड जाईल, हे जाणूनही आम्ही दिले. अद्याप परत आलेले नाही.