वाकलेला टायरॉड सरळ करायचा नसतो

सकाळी 8. शेलूबाजारच्या गॅरेजचं शटर उघडलं तोच टोचन लावलेली पिकअप दारात. रात्री वाशीम बाजार समितीत सोयाबीन उतरवून परतताना रोही आडवा आला, गाडी कडेला उतरली आणि डावं चाक रपट्याच्या दगडावर आदळलं. कुणाला लागलं का, हे आधी विचारतो. पोलीस केस असली तर मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत मी एक नटही उघडत नाही. सगळे सुखरूप होते.

"भाऊ, बंपर तेवढा ठोकून द्या, दुपारी खेप आहे," मालक म्हणाले.

9.00. चाकं सरळ, पण स्टिअरिंग तिरपं. मार आत पोचल्याची ही पहिली खूण.

9.30. जॅक, खाली घोड्या. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 वर धरून हलवलं, टायरॉड एंड खडखडला. 12 आणि 6 वर धरलं, तिथेही खेळ. पोऱ्याला ब्रेक दाबायला लावला, तरी खेळ जाईना. म्हणजे बेअरिंग ठीक, बॉल जॉइंट गेला.

11.00. रॅकचं रबरी बूट फाटलेलं. टायरॉड डोळ्यांना सरळ दिसला, म्हणून काढून जाड काचेवर लोळवला. मधोमध रॉडखालून उजेड दिसला, केसभर.

दुपारी 12.30. "तापवून सरळ करा ना," मालक म्हणाले. मी नाही म्हटलं. तापवलं की पोलादाला कारखान्यात दिलेली ताकद जाते. गार ठोकलं, तर वाकल्या जागी न दिसणारी चीर राहू शकते. हीच गाडी उद्या समृद्धी महामार्गावर 80 च्या वेगाने धावणार. तिथे रॉड तुटला, तर स्टिअरिंग हातात असूनही चाक ऐकत नाही.

3.00. वाशीमहून सामान आलं. टायरॉड, एंड, बॉल जॉइंट, बूट, सगळं नवं. स्प्लिट पिनसुद्धा नवी. जुनी पुन्हा घालत नाही.

5.00. अलाइनमेंट. ते चुकलं तर नवे टायर एका बाजूने झिजतात.

6.00. ट्रायल. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येतं का, ब्रेकला गाडी ओढते का, दोन्ही पाहिलं. चावी देताना सांगितलं, आठवड्याने पुन्हा दाखवा. खेप एक दिवस उशिरा गेली तर भरून निघते. बंपर महिनाभर चेपलेला राहिला तरी बिघडत नाही. स्टिअरिंग मात्र त्याच दिवशी उघडून पाहिलं पाहिजे.