रिझर्व्ह बँक ताळेबंद कसा वाचते

तिमाही संपली की शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला 45 दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात. वर्षअखेरीच्या लेखापरीक्षित निकालांना 60 दिवस मिळतात. गुंतवणूकदार त्यात नफा आणि लाभांश बघतो. मुंबईत रिझर्व्ह बँकेचा सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभाग हेच आकडे गोळा करतो, पण त्याचा प्रश्न निराळा असतो: घेतलेलं कर्ज या कंपन्यांना झेपतंय का?

बँकेचे कंपनी-वित्त अभ्यास 1950च्या दशकापासून चालू आहेत. तेव्हा छापील अहवालांतून आकडे उतरवून घ्यावे लागत. 2006 मध्ये केंद्राची ‘एमसीए-21’ ही संगणकीय नोंदणी व्यवस्था आली. 2011 पासून मोठ्या कंपन्यांना एक्सबीआरएल पद्धतीत हिशेब देणं बंधनकारक झालं. त्यात प्रत्येक आकड्याला ठरलेली खूण असते, त्यामुळे विक्री कोणती आणि व्याज कोणतं हे संगणकालाच कळतं.

तरीही आकडे हाती आले म्हणून ते जुळतातच असं नाही. यंदा हजार कंपन्या असल्या आणि गेल्या वर्षी नऊशेच असल्या, तर बेरजेतली वाढ फसवी. म्हणून वाढीचा दर काढताना दोन्ही वर्षी असलेल्या त्याच कंपन्या धरतात. शिवाय हिशेबाचे नियमही बदलतात. एप्रिल 2019 पासून भाडेपट्ट्यांसाठी नवं लेखा मानक लागू झालं. दुकानाचं किंवा विमानाचं जे भाडं आधी थेट खर्चात पडे, ते आता बहुतांशी घसारा आणि व्याज अशा दोन रकान्यांत विभागलं जातं. धंद्यात तसूभर फरक न पडता घसारा-व्याजापूर्वीचा नफा फुगतो आणि कर्जही वाढलेलं दिसतं. मागच्या वर्षाशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावंच लागतं.

सगळ्या गुणोत्तरांत बँकेच्या दृष्टीनं मोलाचं म्हणजे व्याजफेड क्षमता. व्याज आणि कर वजा करण्याआधीच्या नफ्याला व्याजानं भागायचं. उत्तर एकाहून कमी आलं, तर नफ्यातून व्याजही सुटत नाही. कंपनीला ठेवी मोडाव्या लागतात, मालमत्ता विकावी लागते किंवा नवं कर्ज काढावं लागतं. उत्पादन, माहिती तंत्रज्ञान आणि इतर सेवा यांचे आकडे बँक वेगवेगळे देते, कारण माहिती तंत्रज्ञान कंपन्यांवर कर्ज फारसं नसतं. त्यांना इतरांत मिसळलं की सगळ्यांचीच प्रकृती ठणठणीत दिसू लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तिमाही चित्रात फक्त नोंदलेल्या कंपन्या येतात. खासगी मर्यादित कंपन्यांचे वार्षिक हिशेब सर्वसाधारण सभेनंतर दाखल होतात, म्हणजे वर्ष संपून कित्येक महिने उलटल्यावर. तोवर व्याजदराचे निर्णय थांबत नाहीत. सरासरीतही धोका आहेच: चार बड्या कंपन्यांचा नफा शंभर लहानांचा तोटा झाकू शकतो. म्हणून दुबळ्या कंपन्यांची संख्या मोजून भागत नाही. एकूण कर्जातला किती वाटा त्यांच्याकडे आहे, हे पाहावं लागतं. ते कर्ज बुडालं, तर खड्डा बँकांच्या ताळेबंदात पडतो, आणि बँकांवर देखरेख ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचंच काम आहे.