धामणीचं धनुष्य

धामण म्हटलं की आपल्याकडे आधी साप आठवतो. उंदीर खाणारा, बिनविषारी, आणि तरीही दिसेल तिथं काठीनं मारला जाणारा. मला आज बोलायचं आहे ते धामण नावाच्या झाडाविषयी. हे झाड आमच्या नायगावच्या काळ्या रानात सहसा भेटत नाही. त्यासाठी किनवट-माहूरच्या डोंगराकडे जावं लागतं. तिथं सागाच्या गर्दीत ते उभं असतं, पण सागाचा जसा भाव विचारला जातो तसा त्याचा कुणी विचारत नाही. फालशाच्या कुळातलं हे झाड. पान बुडाशी थोडं तिरपं, एक बाजू मोठी, एक लहान. फळं वाटाण्याएवढी, पिकली की काळी पडतात आणि आंबटगोड लागतात. सालीचा वाख निघतो, त्याची दोरी होते. पाला गुरं खातात. वनस्पतिशास्त्रात त्याला ग्रेविया टिलिफोलिया म्हणतात, पण हे नाव लक्षात नाही ठेवलं तरी चालेल. मराठी नाव मात्र जरूर ठेवा, कारण त्यात एक जुनी गोष्ट दडलेली आहे.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'धन्वन' नावाचं एक झाड येतं. ते हेच, असं जाणकार सांगतात. आणि संस्कृतात 'धन्वन्' म्हणजे धनुष्य. त्या धन्वनाचं बोलता बोलता, हजारभर वर्षं जिभेवर घासून, आपलं धामण झालं. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग लिहून ठेवलेला आहे. आपण ते वाचायचं विसरलो, एवढंच.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्दामागे धावण्याची खोड. धनुष्याला आमच्या घरच्या दखनीत 'कमान' म्हणतात. हा फारसी शब्द मराठीत आला आणि इथलाच झाला. दाराची कमान, घड्याळातली कमान, मालमोटारीचे कमानपाटे. जे जे वाकून ताण सोसतं त्याला आपण कमान म्हणतो. धनुष्याच्या दोरीला उर्दूत 'चिल्ला' म्हणतात, आणि बाळंतिणीच्या चाळीस दिवसांनाही चिल्लाच. लहानपणी नायगावात मी जी एकमेव कमान पाहिली ती पिंजाऱ्याची. थंडीच्या तोंडावर तो गाद्यांचा कापूस पिंजायला येई. पण त्याच्या कमानीचं लाकूड वाकत नसे, नुसती तात थरथरे. राखणीला जायचं तर हातात गोफण. खरंखुरं वाकणारं धनुष्य आम्ही फक्त रामलीलेत पाहिलं, तेही चंदेरी कागद लावलेलं.

मग या वयात धनुष्याच्या नादी का लागलो? आमच्या गल्लीत आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळेही त्याच स्पर्धेत जिंकला. ते या मुलीनं मोबाईलवर पाहिलं आणि तिच्या डोक्यात घेतलं. "चाचा, मला तीरकमान पाहिजे," म्हणाली. त्या दोघांच्या हातातलं धनुष्य कप्प्या लावलेलं, धातूचं, त्याची किंमत लाखांत जाते. मुलीचे वडील हमाली करतात. पण आपल्या देशातल्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा एक प्रकार आहे. त्यात बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य चालतं, नेम तीस आणि पन्नास मीटरवर धरायचा असतो. म्हणजे दार अगदीच बंद नाही. प्रश्न इतकाच, की ते साधं धनुष्य करायचं कशाचं?

बांबू हे सोपं उत्तर. भिल्लांचं धनुष्य बांबूचं, आणि कित्येकदा दोरीही बांबूच्याच चिपाटीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची अशी चार जातींची धनुष्यं सांगितली आहेत. शिंगाची फार ताकदवान, पण असल्या धनुष्यांत शिंग, लाकूड आणि स्नायू सरसानं जोडलेले असत, आणि आपल्या पावसाळ्यात सरस सैल पडे. लाकडाच्या धनुष्याला ती भीती नाही. किनवटकडे माझे एक नातेवाईक आहेत. त्यांच्या स्वतःच्या बांधावर धामण होती. वनखात्याच्या माणसाला विचारून त्यांनी एक सरळ फांदी काढून दिली, मनगटापेक्षा बरीच जाड. हे विचारणं महत्त्वाचं आहे. जंगलातलं झाड विनापरवाना तोडणं हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या कायद्यानं शिकारही गुन्हा आहे. आपलं धनुष्य गवताच्या पेंढीवर नेम धरण्यासाठी.

आमच्या सुतारानं फांदी पाहिली आणि नाक मुरडलं. "भाई, सागाचंच करू ना. कशाला हे जळतण?" त्याचं चुकत नव्हतं. साग दारं-खिडक्यांसाठी उत्तम, कारण तो वाकत नाही, फुगत नाही. आपल्याला नेमकं उलटं हवं होतं, वाकेल आणि तरी परत उभं राहील असं लाकूड. मी त्याला विचारलं, "तुमच्या आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा कशाचा होता?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "धामणीचाच की." पूर्वी कावडीच्या दांड्यालाही धामणच लागे. दोन्ही टोकांना पाण्याचे हंडे, पावलागणिक दांडा खाली जातो, वर येतो, आणि मोडत नाही. कावडीचा दांडा म्हणजे दोरी न लावलेलं धनुष्यच.

फांदी उभी चिरून दोन फाळी केल्या. करवतीनं नाही, पाचरी ठोकून, म्हणजे लाकूड आपल्या रेषेनं फाटतं आणि रेषा कुठं वळते ते कळतं. टोकांना मेण लावलं, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि तडकतात. जाडसर तासून फाळी सावलीत ठेवल्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा तासलेल्या फाळीला दोन-अडीच महिने पुरतात. ओल्या लाकडाचं धनुष्य होतं, पण ते एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं.

आता खरी मेख. धनुष्य ओढलं की त्याची बाहेरची, लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आतली, आपल्याकडची बाजू दाबली जाते. लाकूड मोडतं ते बहुधा बाहेरून. तिथं एक तंतू तुटला की भेग धावत सुटते. म्हणून सालीखालचा जो पहिला पृष्ठभाग असतो तोच धनुष्याची पाठ करायचा आणि त्याला हत्यार लावायचं नाही. साल हलक्या हातानं सोलायची, बस. तो पृष्ठभाग थोडा उंचसखल असला तरी असू द्यायचा. सुताराच्या हाताला हे फार जड गेलं. रंधा मारून सपाट करण्याची आयुष्यभराची सवय! दोनदा त्याचा रंधा तिकडे वळला, दोनदा मी हात धरला. गाठ असेल तर तिथं भोवतीनं थोडं जास्त लाकूड सोडायचं. जे काही तासायचं ते फक्त पोटाकडून आणि कडांवरून.

माप मुलीच्या उंचीचं धरलं, पाच फुटांच्या थोडं वर. धनुष्याची लांबी आपण बाण जेवढा ओढतो त्याच्या दुपटीपेक्षा कमी नसावी. मधली मूठ चार बोटं, तिथं लाकूड जाड आणि न वाकणारं. मुठीपाशी पात्याची रुंदी चार सेंटिमीटर, टोकांशी दीड. जाडीचं गणित मात्र नीट ऐका. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणजे जाडीत कागदाएवढा फरक पडला तरी हाताला जाणवतो. वाकसानं सुरुवात करायची, पण शेवटी कानस आणि फुटक्या काचेचा तुकडा.

त्यानंतर धनुष्याला वाकायला शिकवायचं. हे काम मला सगळ्यात आवडलं. भिंतीत एक आडवी खुंटी ठोकून मूठ तिच्यावर टेकवायची, दोरी लावायची, आणि दोरी खाली हळूहळू ओढत चार पावलं मागं उभं राहून पाहायचं. दोन्ही पाती सारखी वाकतात का? एक जास्त वाकत असेल तर तिला हात लावायचा नाही, दुसरीच्या पोटातून थोडं काढायचं. मग पाच-पन्नास वेळा हलकं ओढायचं, म्हणजे लाकडाला बदल कळतो. पुन्हा पाहायचं. एकदम पूर्ण ओढण्याचा मोह आवरायचा. माझी उमेदवारी कवितेत गेली असल्यानं काढून टाकण्याचं काम मला परकं नव्हतं. सुताराला मात्र "अजून किती?" हा प्रश्न चार दिवस पडत होता. शेवटी ताणकाट्यावर अकरा किलो भरले. आठवीतल्या मुलीला सुरुवातीला तेही थोडं जास्तच, म्हणून आणखी दोन किलो कमी केले.

दोरीसाठी कौटिल्यानं मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू असं बरंच सांगितलं आहे. यातली रुई आपल्या प्रत्येक पडीक रानात उभी असते. आम्ही अंबाडीची पीळ देऊन एक दोरी केली आणि मेण चोळलं. रोजच्या सरावाला बाजारातला पक्का दोरा बरा, तो ताणत नाही. दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचं अंतर एक मूठ आणि वर उभा अंगठा एवढं ठेवलं. लाकडाला जवसाचं तेल तीन वेळा चोळलं. त्यानं आतल्या गाभ्याचा तांबूस रंग असा उघडला, की सुतार स्वतःच म्हणाला, "हे जळतण नव्हं."

वापराचे नियम थोडे आहेत. बाण न लावता ओढून दोरी सोडायची नाही, सगळा धक्का लाकडाला बसतो. काम झालं की दोरी उतरवायची. धनुष्य उन्हात किंवा चुलीजवळ टांगायचं नाही. माणसाकडे, जनावराकडे कधीही रोखायचं नाही, आणि नेमाच्या पाठीमागे मातीचा ढीग किंवा कोरी भिंत हवी.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कावड गेली, लाकडी दांड्यांची जागा लोखंडी नळीनं घेतली, आणि धामण विचारणारं कुणी उरलं नाही. बांध साफ करताना साग ठेवतात, आंबा ठेवतात, धामण तोडतात. ज्याचं नाव कुणी घेत नाही ते झाड आधी जातं. माझ्या त्या नातेवाइकांनी आता आपल्या बांधावरच्या उरलेल्या दोन धामणींना दगडांचं आळं केलं आहे, आणि पाखरांनी टाकलेल्या बियांतून आलेलं एक रोप गुरांपासून वाचवलं आहे.

फांदीची दुसरी फाळ अजून आमच्या पडवीत आडवी टांगलेली आहे. मुलीच्या वर्गातल्या आणखी एकीनं ती मागून ठेवली आहे. सुताराचं म्हणणं, दिवाळीच्या सुट्टीत तासायला घेऊ, आणि या वेळी रंधा घरीच ठेवून येतो.